रातकॅमेरा घरी करायचाय: रास्पबेरी पाय झीरो की ईएसपी३२-कॅम?

घरच्या घरी रातकॅमेरा, म्हणजे रात्री जनावरांचे आपोआप फोटो काढणारा कॅमेरा, करायचं मनात आलं की शोध दोन बोर्डांपाशी येऊन थांबतो. एक रास्पबेरी पाय झीरो २ डब्ल्यू हा छोटासा कॉम्प्युटर आणि त्याला नॉयर कॅमेरा, दुसरा ईएसपी३२-कॅम, म्हणजे कॅमेरा असलेला साधा कंट्रोलर बोर्ड. कुडाळच्या बाजूला काजूच्या बागेत, गडग्यालगत मी दोन्ही वापरलेत. स्पेसिफिकेशनचा तक्ता कुठेही मिळेल, तो इथे देत बसत नाही.

चित्राचा प्रश्न असेल तर झीरो सरळ सरळ पुढे आहे. नॉयर मॉड्यूलला इन्फ्रारेड अडवणारा फिल्टर मुळातच नसतो, त्यामुळे इन्फ्रारेड एलईडी लावले की काम सुरू. शिवाय मागचे काही सेकंद मेमरीत फिरते ठेवता येतात, म्हणजे अंगाच्या उष्णतेवरून हालचाल टिपणारा पीआयआर सेन्सर लागण्याआधी जनावर चौकटीत कसं शिरलं तेही मिळतं. ईएसपी आधी झोपेतून उठणार, मग कॅमेरा जागा करणार, मग उजेडाचा अंदाज घेणार. तोवर साळिंदर निम्मं पुढे गेलेलं असतं. नुसत्या शेपट्यांचा माझा संग्रह बरा आहे! पायवाटेला आडवा न लावता थोडा तिरका लावला तर हे कमी होतं. अगदी समोरून मात्र लावू नये, कारण पीआयआर सेन्सरला सरळ अंगावर येणारं जनावर उशिरा कळतं, आडवं जाणारं पटकन कळतं.

ईएसपीची दुसरी कटकट फिल्टरची. लेन्सचा गोंद ब्लेडच्या टोकाने सोडवायचा, लेन्स उलट्या आट्याने काढायची आणि तिच्या मागच्या तोंडाला चिकटलेली लालसर झाक मारणारी इवलीशी काच सुईने उचकटायची. ती अखंड निघत नाही, तिचे कण होतात. ते फुंकून, ब्रशने काढायचे. नंतर फोकस नव्याने जुळवायचा, तोही रात्री, इन्फ्रारेडच्या उजेडात, कारण दिवसा जुळवलेला रात्री सरकतो. आणखी एक गोम: बोर्डावरचा पांढरा फ्लॅश आणि मेमरी कार्डाची एक डेटा लाइन एकाच पिनवर, जीपीआयओ ४ वर आहेत. कार्ड एकाच डेटा लाइनवर, म्हणजे १-बिट मोडमध्ये, चालवलं नाही तर दर फोटोला तो दिवा लुकलुकतो आणि कांडेचोर (उदमांजर) पसार.

एवढं वाचून झीरोच घ्यावा असं वाटेल. मलाही बरेच दिवस तसंच वाटत होतं.

पण झीरोत कार्ड खराब होतं. त्याची सगळी सिस्टीम मायक्रोएसडी कार्डावर, फोटोही त्याच कार्डावर. बॅटरी पहाटे कधीतरी संपते, लिहिता लिहिता वीज जाते आणि पुढच्या वेळी बोर्ड उठतच नाही. वर हिरवा दिवा लागलेला असतो, म्हणजे आपण बॅटरी बदलून खुशाल घरी येतो. चार रात्रींनी जाऊन बघावं तर कार्डावर नवीन काही नाही. मग कार्ड घरी आणा, पुन्हा सिस्टीमची इमेज चढवा, पुन्हा व्हाळ ओलांडून जा. यावर उपाय नाही असं नाही: ओव्हरले लावून सिस्टीम फक्त वाचण्यापुरती ठेवता येते, पण मग फोटोंना वेगळं पार्टिशन नाहीतर पेनड्राइव्ह आला, आणि बिघडायच्या जागा वाढल्या. त्यात झीरो सतत जागा ठेवावा लागतो, कारण बूट व्हायलाच त्याला बराच वेळ लागतो. दहा हजार एमएएचची पॉवर बँक एखादा दिवस पुरते, म्हणजे बॅटरी संपण्याचा प्रसंग रोजचाच.

ईएसपीचा प्रोग्राम बोर्डावरच्या फ्लॅश मेमरीत असतो, कार्डावर फक्त फोटो. वीज गेली तर फार तर शेवटचा फोटो अर्धवट राहतो, नवीन सेल घातले की गडी उठून कामाला. झोपेतही हा बोर्ड ५ व्होल्टवर साधारण ६ मिलिअँपिअर खातो, ते काही कमी नाही. तरी दोन १८६५० (लिथियमच्या रिचार्जेबल) सेलवर आठवडा सहज निघतो. पॉवर बँक मात्र लावू नका, एवढा कमी लोड बघून बऱ्याच बँका आपणच बंद होतात. आणि एलईडींना वेगळा मॉसफेट (इलेक्ट्रॉनिक स्विच) द्या, नाहीतर ते पेटताना व्होल्टेज पडून बोर्ड रिसेट होत राहतो.

चित्र साधं येतं, मान्य. पण शेपटीवर कडी दिसली की जवादी मांजर, शेपटी सरसकट काळी तर कांडेचोर, एवढं ओळखायला २ मेगापिक्सल पुरतात.

बाकीचा त्रास दोघांना सारखाच. ८५० नॅनोमीटरचे एलईडी किंचित लाल दिसतात पण लांब पोचतात; ९४० चे अजिबात दिसत नाहीत, पल्ला मात्र कमी. खाऱ्या हवेत जंपर वायरींना हिरवं चढतं, तेव्हा सोल्डरच करा. डब्यात सिलिका जेल हवंच, आणि भोकांना एम-सील, नाहीतर मुंग्या बिऱ्हाड करतात. पीआयआरपुढे काच ठेवली तर त्याला काहीच कळत नाही.

वनखात्याच्या हद्दीत परवानगीशिवाय लावू नये, हे सांगायला नको. खवले मांजर सापडलं तर फोटो खुशाल दाखवा, जागा सांगू नका.

मांगरात (बागेतल्या खोपटात) वीज असेल आणि वायर पोचत असेल, तर झीरो घ्या, चित्रं बघून समाधान वाटेल. वीज नसेल तर माझ्या मते ईएसपी, आणि घेताना दोन घ्या. पाच-सातशेला मिळतो, आणि पहिल्याची लेन्स फिल्टर काढताना हमखास चरे खाते.