स्टीलचे पुरणयंत्र: श्रीखंडासाठी काही महिने वापरल्यानंतर

परवा चक्का गाळायला घेतला तेव्हा पुरणयंत्राच्या स्प्रिंगवर गंजाचे तांबूस ठिपके दिसले. आजवर ज्या वस्तूची मी सगळ्यांकडे शिफारस करत आले, तिच्याविषयी आता सविस्तर लिहिणे भाग आहे.

होणाऱ्या नवऱ्याचे आई-वडील प्रथमच जेवायला येणार होते, तेव्हा हे यंत्र घेतले. पुरणपोळी ऐनवेळी तव्यावर फुटते, उकडीचे मोदक गरम असतानाच वाढावे लागतात. श्रीखंड मात्र आदल्या दिवशी करून ठेवता येते, मुरल्यावर अधिक चविष्ट लागते आणि पाहुणे आल्यावर स्वयंपाकघरात अडकून पडावे लागत नाही. दोन लिटर म्हशीच्या दुधाचे दही मलमलीच्या फडक्यात बांधून रात्रभर फ्रीजमध्येच टांगले, कारण उन्हाळ्यात बाहेर ठेवलेला चक्का आंबट होतो. साखर विरघळताना श्रीखंड सैल पडते, म्हणून चक्का अगदी कोरडा हवा. काकूंनी पहिला घास घेतला आणि विचारले, "चक्का घरीच बांधलास का गं?" त्यात एकही गुठळी नव्हती, याचे श्रेय मी यंत्राला दिले.

सुरुवातीला मी सर्वांत बारीक जाळीच वापरत असे. पुढे लक्षात आले, की चक्क्यात साखर कालवून तासभर ठेवली तर मधली जाळी पुरते, मूठ हलकी फिरते आणि स्प्रिंगवर ताणही कमी येतो. बारीक जाळीविषयीचे माझे मत त्यामुळे बदलले आहे.

स्प्रिंगविषयीचे मात्र बदलणार नाही. पाते जाळीवर घट्ट दाबून धरण्याचे काम तीच करते, चक्क्याचा आंबटपणा आणि धुतल्यानंतरचे पाणी तिच्याच वेढ्यांत साठते, आणि नेमकी तीच साध्या लोखंडाची! भांडे, पाते, मूठ सगळे उत्तम स्टीलचे असताना चार पैसे वाचवायला हीच जागा का निवडावी? दुकानदाराकडे गेले, तर स्प्रिंग सुटी मिळत नाही, नवे यंत्र घ्या, असे उत्तर मिळाले. एवढ्याशा भागासाठी धडधाकट वस्तू भंगारात घालणे मला मुळीच पटत नाही. अखेर हार्डवेअरच्या दुकानात त्याच मापाची स्टेनलेस स्टीलची स्प्रिंग मिळाली आणि ती नीट बसली.

त्या दरम्यान एकदा जुन्या पद्धतीने पातेल्यावर फडके ताणून बांधले आणि हाताने चक्का घासून गाळला. श्रीखंड तितकेच मऊ झाले, पण वेळ दुप्पट लागला आणि मनगट भरून आले. वर्षातून एकदाच, गुढीपाडव्याला श्रीखंड करणाऱ्यांनी यंत्रावर खर्च करू नये. नेहमी करणाऱ्यांनी ते अवश्य घ्यावे, मात्र पैसे देण्यापूर्वी दुकानातच सुटे करून पाहावे. स्प्रिंग निघत नसेल तर ते घेऊ नये.