डोळे भरण्याची घडवून घेतलेली सुरी : हंगामभराच्या वापरानंतर

पात्यावरच्या ठिपक्यांच्या रांगेत गंज धरला आणि त्यावरून घडवणाऱ्या काकाजींशी माझी चांगलीच बाचाबाची झाली, म्हणून हा अनुभव लिहायला घेतला आहे. सुरी ट्रकच्या कमानपाट्यातून घडवलेली आहे, मूठ धावड्याची आहे आणि तिच्यासाठी मी ६०० रुपये मोजले आहेत. वरूड-शेंदुरजनाघाट पट्ट्यात संत्र्याच्या कलमा करणाऱ्याला डोळे भरण्याच्या, म्हणजे चांगल्या झाडाचा डोळा (कळी) काढून दुसऱ्या रोपाच्या, म्हणजे खुंटाच्या, सालीखाली बसवण्याच्या सुरीकडून काय हवे असते, हे सांगत बसण्याची गरज नाही. दुकानातल्या घडीच्या चाकूंचे सांधे एका हिवाळ्यात ढिले पडतात आणि परदेशी सुरीची किंमत लहान रोपवाटिकेला झेपत नाही, म्हणून मी लोहाराकडे वळलो.

सांगताना माझ्या मागण्या स्पष्ट होत्या. पाते पांढरेशुभ्र चमकणारे हवे, धारेचा उतार एकाच अंगाला हवा, मुठीच्या टोकाला साल उचलण्यासाठी पितळेची चपटी पट्टी हवी आणि एक सुरी डावखुऱ्या माणसासाठी हवी. काकाजींनी उतार आणि पट्टी मान्य केली आणि चमक साफ नाकारली. “भाऊ, तुमाले चमक पायजे का धार?” असे त्यांनी विचारले, तेव्हा ते टाळाटाळ करत आहेत असे मला वाटले, पण त्यांचे कारण पक्के होते. चमक आणण्यासाठी पातळ पाते विजेच्या चाकावर फार वेळ धरले, तर धारेचा रंग निळा पडतो आणि दिलेले पाणी, म्हणजे तापवून-विझवून आणलेला कडकपणा, उतरते. ते लोखंड चुंबकाला चिकटेनासे होईपर्यंत, म्हणजे सुमारे ७७० अंश सेल्सिअसच्या किंचित वर तापवतात, तेलात विझवतात आणि मग पुन्हा हलके तापवून पिवळसर रंगावर थांबवतात. एवढी मेहनत चाकावर क्षणात वाया जाते. कमानपाट्यात क्रोमियम फार तर एक टक्क्याच्या आसपास असते, तर न गंजणाऱ्या पोलादाला किमान १०.५ टक्के लागते. त्यामुळे चमक आणली असती, तरी ती टिकली नसती. या बाबतीत त्यांचा शब्द अखेरचा असावा, हे मला मान्य आहे.

ठिपक्यांचे मात्र तसे नाही. पात्याच्या सपाट अंगावर, धारेपासून बोटभर अंतरावर, ते पोगराने (खूण ठोकण्याच्या टोकदार खिळ्याने) ठिपक्यांची एक रांग ठोकतात. त्यांच्या वडिलांपासून चालत आलेली ती खूण आहे. बाजारात विळा पाहून लोक घडवणारा ओळखतात आणि त्याचा त्यांना रास्त अभिमान आहे. विळ्यावर ती शोभतेही. परंतु डोळे भरण्याच्या सुरीचे सपाट अंग हेच तिचे खरे काम करणारे अंग असते. डोळा काढताना तेच काडीवरून सरकते. प्रत्येक खड्ड्यात चीक साचतो आणि सुकून काळा पडतो. एक्झोकॉर्टिससारखा, खुंटाची साल सोलवटणारा रोग हत्यारांवाटे एका झाडावरून दुसऱ्यावर जातो, म्हणून मातृवृक्ष (डोळे ज्यावरून घेतो ते झाड) बदलला की आम्ही सुरी सोडियम हायपोक्लोराइटच्या जंतुनाशक पाण्यात बुडवतो. आमचे काही खुंट रंगपूर लाइम या लिंबूवर्गीय जातीचे आहेत आणि तो खुंट या रोगाला लवकर बळी पडतो. साचलेल्या चिकाने त्या पाण्याचा जोर मरतो, आणि तेच पाणी साध्या पोलादाला खाते. म्हणजे जिथे निर्जंतुकीकरण सर्वांत कच्चे राहते, तिथेच गंज सर्वांत आधी धरतो. सपाट भाग कोरड्या फडक्याने पुसून, तेलाचा हात फिरवून स्वच्छ राहतो. ठिपके सुईने कोरावे लागतात. हे सर्व मी काकाजींना सांगितले. “ठिपके नसन तं थे सुरी माह्या हातची नाही,” एवढेच उत्तर मिळाले. पैसे मी देतो, कलमांची जबाबदारी माझी आहे आणि खूण मात्र त्यांची, हे मला पटले नाही.

इथपर्यंतचा मजकूर डिसेंबरात लिहिला होता. आता फेब्रुवारी संपत आला असून काही मते बदलली आहेत.

धारेबद्दल मी आधी पुरेसे चांगले लिहिले नव्हते. जंभेरी लिंबाच्या पेन्सिलीएवढ्या जाड खुंटावर ‘टी’ आकाराचा काप घेताना ही सुरी साल फाडत नाही आणि दिवसाअखेरीस दगडावर थोडीशी पाजवली की पुन्हा तयार होते. काकाजींनी पाते मी सांगितल्यापेक्षा पातळ ठेवले होते आणि त्यावर मी कुरकूर केली होती. डोळ्याखाली लाकडाचा पापुद्रा आता अगदी बारीक येतो, तो त्यामुळेच.

डावखुऱ्या सुरीला त्यांनी आधी नकार दिला होता, कारण उलट्या उताराला कानस लावण्याची त्यांच्या हाताला सवय नव्हती. जानेवारीत मी आमच्या डावखुऱ्या गड्यालाच भट्टीवर नेले आणि त्यांच्यासमोर उजव्या हाताच्या सुरीने डोळा काढायला लावले. उतार काडीकडे आल्यामुळे पाते आत शिरत होते आणि डोळा खोल, ओबडधोबड निघत होता. काकाजींनी ती काडी हातात घेऊन बराच वेळ पाहिली, गड्याला मूठ कशी धरतोस ते विचारले, त्याच्या तळव्याचे माप सुतळीने घेतले आणि काम स्वीकारले. मी तोंडाने सांगून जे झाले नव्हते, ते काप पाहून झाले.

त्या नव्या सुरीवर पाते कोरे आहे. ठिपके त्यांनी मूठ आणि पाते यांच्यामधल्या पितळी कड्यावर ठोकले आहेत. तिथे चीक पोहोचत नाही, पितळ लोखंडासारखे गंजत नाही आणि खूण लांबूनही ओळखू येते. कड्याचे म्हणून त्यांनी ५० रुपये जास्त घेतले. मी घासाघीस केली, ती त्यांनी ऐकली नाही. त्यांची खूण टिकवण्याचा खर्च गिऱ्हाइकाने का सोसावा, असे मला अजूनही वाटते. मात्र दुसऱ्या कोणाकडे जाण्याइतकी ही रक्कम मोठी नाही.

एक खोट राहिली आहे. कड्याखाली लाकडाशी केसाएवढी फट आहे आणि बुडवताना पाणी तिथे शिरते, म्हणून सध्या पाते निम्मेच बुडवून उरलेले भिजल्या फडक्याने पुसतो. फट लाखेने बुजवून देण्याचे काकाजींनी कबूल केले आहे. जुन्या सुरीचे ठिपके घासून काढायला मात्र ते तयार नाहीत, म्हणून ती मी कलमांच्या कामातून काढून कलम बांधायच्या पट्ट्या कापायला ठेवली आहे. पुढच्या हंगामासाठी आणखी सुऱ्या त्यांच्याकडेच सांगितल्या आहेत, सगळ्या कोऱ्या पात्याच्या.