मुलांच्या सुरक्षिततेचं शिबिर, व्हॅनवाल्याच्या नजरेतून

साताऱ्यात गोडोली, शाहूनगर, विसावा नाका या बाजूची पोरं शाळेत पोचवायचं काम मी करतो. यंदा शाळेच्या पालक-शिक्षक संघानं मुलांची सुरक्षितता आणि शाळेतली दादागिरी या विषयावर दोन दिवसांचं शिबिर ठेवलं. पुण्याहून एक ताई आणि एक सर आले होते. मुलामागे ४० रुपये घेतले. तेव्हापासून दुसऱ्या शाळांचे पालक ग्रुपवर विचारतायत, "कसं झालं हो? आम्ही बोलवू का?" आणि उत्तरादाखल नुसते अंगठे आणि जोडलेले हात येतायत. पालकांनी फक्त संध्याकाळची सभा पाहिली. आम्ही चालक मंडळी दोन्ही दिवस आवारातच होतो, शिवाय आमचा वेगळा तास होता. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिली ते चौथीचा भाग शंभर नंबरी. तो ताईंनी घेतला, वर्गात, पोरांबरोबर सतरंजीवर बसून. आतल्या कपड्यांनी झाकलेला भाग कुणी बघायचा नाही, हात लावायचा नाही, फोटो काढायचा नाही. आई आंघोळ घालते किंवा आईबाबा सोबत असताना डॉक्टर तपासतात, तेवढं सोडून. नियम एवढाच. स्पर्श आवडला की नावडला हा प्रश्नच त्यांनी ठेवला नाही. कारण पाच वर्षांच्या पोराला गुदगुल्या आवडतातही, आणि नेमका तिथंच त्याचा गोंधळ होतो. दुसरा नियम गुपिताचा. वाढदिवसाच्या भेटीचं गुपित चालतं, कारण ते चार दिवसांनी फुटणार असतं. "आईला कधीच सांगायचं नाही" असं कुणी म्हटलं, की ते त्याच दिवशी सांगायचं.

मग प्रत्येकानं कागदावर आपला पंजा काढला आणि पाच बोटांवर पाच माणसं लिहिली, ज्यांना काहीही सांगता येईल अशी. बहुतेकांची आई, बाबा, आजी, आजोबा, मामा अशी भरभर भरली. चौथीतल्या एकानं हात वर केला. "ताई, घरातल्यांनीच त्रास दिला तर?" वर्गात दोघं हसले. ताईंनी त्यांना गप्प केलं नाही, रागावल्याही नाहीत. म्हणाल्या, "प्रश्न बरोबर आहे. सगळे आपापला पंजा बघा. निदान दोन बोटं घराबाहेरची पाहिजेत. बदला." आणि वर्गभर खोडरबर फिरले. पहिल्या माणसानं ऐकलं नाही तर दुसऱ्या बोटावर जायचं, मग तिसऱ्या, हे त्यांनी पोरांकडून दोन-दोन वेळा वदवून घेतलं. १०९८ हा मुलांच्या मदतीचा फोन नंबरसुद्धा "दहा, नऊ, आठ" असा उलट्या आकड्यांचा खेळ करून पाठ करून घेतला. हा नंबर फुकट लागतो, चोवीस तास. माझ्या गाडीतली बारकी अजून सिग्नलला तेच ओरडतात.

आठवी-नववीचं मात्र फसलं. दोन्ही इयत्तांच्या सगळ्या तुकड्या एका हॉलमध्ये, पंखे घरघरतायत, माईक शिट्ट्या मारतोय. सरांनी मोबाईलच्या धोक्यांवर तासभर घाबरवलं. पोरांनी ऐकल्यासारखं केलं. त्यात "मुलांनो, वर्गातल्या मुलींना जपा" हे पालुपद. अहो, पण मुलांचं काय? गंमत म्हणजे याच सरांनी संध्याकाळी पालकांना केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाचा २००७ चा अभ्यास दाखवला. १३ राज्यं, १२,४४७ मुलं. निम्म्याहून जास्त, म्हणजे ५३ टक्के मुलांनी कुठला ना कुठला लैंगिक त्रास झाल्याचं सांगितलं होतं, आणि त्यात मुलगे मुलींपेक्षा कमी नव्हते. त्रास देणाऱ्यांपैकी निम्मे ओळखीचे किंवा विश्वासातले. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा पॉक्सो कायदाही २०१२ पासून अठराच्या आतल्या मुलगा-मुलगी दोघांना सारखाच लागू आहे. हे पालकांना सांगितलं, आणि ज्या पोरांना कळायला हवं होतं ती सकाळी "मुलींना जपा" ऐकून घरी गेलेली.

दादागिरीचा भाग दुसऱ्या दिवशी झाला. त्यातलं एक नाटुकलं मला फार पटलं, कारण ते माझ्याच धंद्यातलं होतं. सरांनी सहा खुर्च्या व्हॅनसारख्या मांडल्या. एकाला टोपणनावानं हाक मारतायत, त्याचं दप्तर पायाखालून मागं सरकवतायत, त्याची पाण्याची बाटली हातोहात फिरतेय. हे मी आरशात कितीदा बघितलंय. सर म्हणाले, एकदा चेष्टा झाली तर ती चेष्टा. मुद्दाम, पुन्हा पुन्हा, आणि समोरच्याला उलटून बोलता येत नसताना, हे तिन्ही जुळलं की तो छळ. नॉर्वेतल्या डॅन ओल्वेउस नावाच्या मानसशास्त्रज्ञानं लावलेली ही फूटपट्टी म्हणे. मग त्यांनी दप्तर ओढणाऱ्याला काहीच सांगितलं नाही. बाकीच्या चौघांना उभं केलं. "हा ओढतोय, कारण तुम्ही हसताय." फिनलंडमधल्या शाळांत 'किवा' नावाचा कार्यक्रम याच बघणाऱ्यांना धरून चालतो. भांडायला जायचं नाही. बाटली आपल्या हातात आली की मालकाला परत द्यायची, त्याच्या शेजारी जाऊन बसायचं, आणि मोठ्या माणसाला सांगायचं. चौथ्या पोरानं बाटली परत दिली आणि खेळ तिथंच बसला. हाच प्रयोग वर्गावर्गात केला असता तर काम झालं असतं. हॉलमध्ये मागच्या अर्ध्या पोरांना तो दिसलाच नाही.

आता आमचा तास. सुरुवातीला आमच्यातले जुने काका तापलेच. "म्हणजे आता पोराला उचलून गाडीत बसवायचंही नाही?" ताई म्हणाल्या, "काका, विचारून उचला. नाही म्हणालं तर पायरीला स्टूल ठेवा." मग कामाची गोष्ट निघाली. शेवटचं पोर चालकाबरोबर एकटं राहतं, ती दहा मिनिटं सगळ्यात नाजूक. मदतनीस बाई शेवटचं पोर उतरेपर्यंत गाडीतच हवी, आणि एकटं उरलेलं पोर पुढच्या सीटवर घ्यायचं नाही. माझ्या गाडीत आमची मंडळीच मदतनीस असते. आधी ती घराजवळ उतरायची, आता शेवटपर्यंत येते. यात पोराचं भलं आहेच, पण माझ्यावर नसता आळ येणार नाही हेही आहे. ते मी का लपवू?

एखादं पोर गाडीत काही बोललं तर? खोदून विचारायचं नाही. "तू तेव्हाच का नाही सांगितलंस" तर अजिबात नाही. "कुणाला सांगणार नाही" असं वचन द्यायचं नाही. त्याचे शब्द जसेच्या तसे लिहून ठेवायचे आणि पोलिसांना कळवायचं, मदतीला १०९८ आहेच. पॉक्सो कायद्यानं पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, संस्थेच्या प्रमुखानं दाबलं तर एक वर्षापर्यंत. चांगल्या हेतूनं कळवणाऱ्यावर मात्र कारवाई होत नाही, हे ऐकल्यावर आमच्यातल्या निम्म्यांचे चेहरे सैल झाले. जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला सोयीच्या जागी घ्यायचा असतो, आणि पोलीस वर्दीत नसतात, हेही आम्हाला नवीनच.

शाळेचीही त्यांनी भीड ठेवली नाही. २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत दोन लहान मुलींवर अत्याचाराचं प्रकरण झाल्यावर सगळीकडे कॅमेरे आणि तक्रारपेट्या बसल्या. इथली पेटी होती मुख्याध्यापकांच्या दाराशी, थेट कॅमेऱ्याखाली. ताई म्हणाल्या, "चिठ्ठी टाकणाऱ्याचा फोटो निघतोय. कोण टाकेल?" पेटी उघडली तर आत बिस्किटाचा कागद. मुलांच्या सुरक्षिततेसाठी शाळेत असते त्या सखी सावित्री समितीत कोण कोण आहे हे विचारलं तर पोरांना सोडाच, दोन शिक्षकांनाही सांगता येईना. सावित्रीबाईंचं नायगाव आपल्याच जिल्ह्यातलं! आता पेटी जिन्याखाली गेलीय आणि समितीची नावं फळ्यावर लागलीत. हे शिबिराचं यश मी धरतो, कारण पोरांना "सांगा, सांगा" म्हणायचं आणि ऐकून घ्यायला कुणी नाही, तर ती एकदाच सांगतील.

तर बोलवा, पण आधीच ठरवून घ्या. मोठ्या मुलांना तुकडीवार तास मागा, हॉल नको. मुलग्यांना त्यांच्याबद्दलही बोला, असं सरांना स्पष्ट सांगा. खर्च वाचवायला चालक आणि शिपाई-मावश्यांचा तास कापू नका, इथल्या संघानं तोच कापायचा घाट घातला होता. जूनमध्ये या ताई-सरांना उसंत नसते, दिवाळीनंतर दोन्ही दिवस सलग मिळतात. शेवटी ६० रुपयांची रंगीत पुस्तिका गळ्यात मारतात, ती घेऊ नका. पंजाचा कागद कपाटाच्या दाराला चिकटवा आणि दर सहा महिन्यांनी पोराला विचारा, बोटावरची माणसं तीच आहेत का.