‘तुम्हीच बसवला ना?’ : बनावट टायमिंग बेल्ट किट आणि माझे ६७,६४० रुपये

आधी आकडे. मी घरीच बसवलेलं टायमिंग बेल्टचं (इंजिनातले पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांचा मेळ राखणारा दातेरी पट्टा) किट ६,८४० रुपये. टोइंग २,५००. इंजिनचं हेड (वरचा, व्हॉल्व्ह असलेला भाग) उतरवणं, आठ वाकलेले व्हॉल्व्ह, गाइड, गॅस्केट आणि मजुरी मिळून ५८,३००. एकूण ६७,६४०. त्यातले परत मिळालेले : शून्य.

डुप्लिकेट पार्टचा धंदा कसा चालतो ते सगळ्यांना माहीत आहे, मलाही होतं. म्हणूनच निम्म्या किमतीच्या मालाकडे मी बघितलंसुद्धा नाही. हेच किट काउंटरवर ८,३०० ला होतं, ऑनलाइन ६,८४० ला. एवढा फरक पडतोच. विक्रेत्याचं रेटिंग उत्तम. खोक्यावर होलोग्राम, शेजारी क्यूआर कोड. स्कॅन केला तर हिरवी खूण आणि ‘ओरिजिनल प्रॉडक्ट’ असं पान उघडलं. पत्त्यात कंपनीचं नाव होतं, फक्त त्यापुढे एक आडवी रेघ आणि ‘व्हेरिफाय’ जोडलेलं. खोकं ज्याने छापलं, कोडही त्यानेच छापला आणि पानही त्यानेच बनवलं! कोड स्कॅन करू नका. कंपनीच्या साइटवर स्वतः जा आणि खोक्यावरचा नंबर तिथे टाका.

आता तो क्षण, ज्यावरून मी अजून स्वतःवर दात खातो. जुना बेल्ट निघाला होता, कूलंट काढलेलं, गाडी स्टँडवर. जुना आणि नवा टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी, बेअरिंगवर फिरणारी पुली) एकाच कागदावर शेजारी शेजारी ठेवले होते. जुन्याच्या धातूवर कंपनीचं नाव आणि नंबर कोरलेला, इतक्या वर्षांनंतरही बोटाला लागणारा. नव्यावर काहीच नाही. कोरा. नंबर फक्त खोक्याच्या स्टिकरवर. मी तो हातात घेऊन फिरवला, जरा कोरडा वाटला. नवा आहे, म्हणून असेल असं म्हटलं. समोर इंजिन उघडं, दुसऱ्या दिवशी गाडी हवी, अशा वेळी कोण काम थांबवून किट परत करत बसतं? कुणीच नाही, आणि विकणाऱ्याला हे पक्कं ठाऊक असतं. खोकं गाडी उघडायच्या आधी फोडा. सगळे भाग बाहेर काढून बघा, बेअरिंग फिरवा, नंबर धातूवर आहे का ते तपासा. नंतर बघण्याला काही अर्थ नाही.

लेबलसुद्धा नीट वाचायला हवं होतं. बाहेरून आलेल्या मालावर आयातदाराचं नाव-पत्ता, एमआरपी आणि महिना-वर्ष असणं कायद्याने बंधनकारक आहे. माझ्या खोक्यावर एमआरपी ठळक होती, आयातदार गायब.

माझ्या कामात खोट नव्हती, हे ठासून सांगतो, कारण पुढे सगळ्यांनी तिथेच बोट ठेवलं. क्रँक (पिस्टनला जोडलेली दांडी) आणि कॅम (व्हॉल्व्ह उघडणारी दांडी) हलू नयेत म्हणून लॉकिंग पिना लावल्या होत्या. क्रँकचा बोल्ट नवा घातला. टेन्शनरची सुई खाचेत आणली, बोल्ट टॉर्क रेंचने, म्हणजे मोजून ठरलेल्या जोराने, आवळले. मग पिना काढून हाताने क्रँकचे दोन पूर्ण फेरे दिले (कॅम निम्म्या वेगाने फिरतो, एका फेऱ्यात काही कळत नाही) आणि पिना पुन्हा घालून पाहिल्या. अलगद बसल्या. काम चुकलं असतं तर गाडी पहिल्याच सेल्फला बोलली असती. ती जवळपास २,३०० किलोमीटर नीट चालली.

मग सिग्नलला उभा असताना किरकिर, एक खट्ट आवाज आणि इंजिन बंद. सेल्फ मारला तर नेहमीपेक्षा हलका फिरला. कॉम्प्रेशनच, म्हणजे सिलिंडरमधला दाबच, उरला नव्हता. (असं झालं तर पुन्हा सेल्फ मारू नका, उरलेले व्हॉल्व्हही वाकतील.) टेन्शनरचं बेअरिंग जाम झालं होतं, बेल्टचे दात सोलून निघाले होते आणि पिस्टन व्हॉल्व्हवर आदळले होते.

इथून पुढचा संताप वेगळाच. विक्री करणाऱ्या साइटचं पहिलं वाक्य : ‘सर, तुम्हीच बसवला ना?’ परत करायची मुदत संपलेली, ‘अधिकृत सर्व्हिस सेंटरचं पत्र आणा.’ सर्व्हिस सेंटर म्हणतं, आम्ही न विकलेला पार्ट आम्ही तपासत नाही. ज्या कंपनीच्या नावाने किट विकलं गेलं तिथल्या माणसाने फोटो पाहून फोनवर लगेच सांगितलं, ‘हा आमचा नाही.’ लेखी द्या म्हटलं तर, ‘तशी पद्धत नाही.’ पोलीस चौकीत उत्तर, ट्रेडमार्कचा विषय आहे, तक्रार कंपनीने करायची. अहो, नाव कंपनीचं चोरलं पण पैसे माझे गेले ना! तिथेही शेवटी तेच : ‘पण बसवला कोणी?’ घरी हात काळे केले म्हणजे जणू फसवून घ्यायचा परवानाच काढला. गॅरेजमध्ये हाच पार्ट लागला असता तर कुणी मेकॅनिकला विचारलं नसतं.

ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांत तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात अशी तरतूद आहे. पोच वेळेत आली, यंत्राने पाठवलेली. निवारण म्हणजे ‘तक्रार बंद करण्यात आली आहे’ असा मेसेज.

घरी काम करणाऱ्यांनो, प्रत्येक टप्प्याचे फोटो काढा, विशेषतः पिना बसलेल्या असतानाचे. खोकं फोडतानाचा व्हिडिओ कापाकापी न करता घ्या. खोकं आणि बिल जपून ठेवा. माझ्याकडे फोटो होते म्हणून निदान उभा राहू शकलो.

जिल्हा ग्राहक आयोगात आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, वकील लागत नाही. वस्तूपोटी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, मुदत दोन वर्षांची. मी तक्रार दाखल केली आहे. नोटीस पोहोचताच इतके दिवस न वाजलेला फोन वाजला, साइटवाल्यांचा : बिघडलेला पार्ट आमच्याकडे पाठवा, तपासून ६,८४० रुपये देऊ. पाठवलेला नाही. टेन्शनर बघायचा असेल तर आयोगासमोर या.