फिरोजाचा रंग उतरला तर ‘पीडा गेली’ म्हणणाऱ्यांपासून सावध राहा

सांगलीत एसटी स्टँडजवळच्या लॉजवर ‘मोफत पत्रिका’ बघायला बसलेल्या एका माणसानं माझ्या अक्काच्या गळ्यात 7,500 रुपयांची फिरोजाची, म्हणजे टर्क्वॉइज या निळ्या खड्याची, अंगठी मारली. हळदीचे पैसे अडकल्यानं घरात ओढाताण होती, नेमकी तीच नस त्यानं धरली.

थोड्याच दिवसांत खड्याच्या कडा पांढुरक्या झाल्या. अक्का विचारायला गेली तर म्हणाला, “ताई, तुमच्यावरचं संकट खड्यानं अंगावर घेतलं. आता याहून मोठा घाला.” मोठा 11,000 चा!

या वाक्याचा मला फार राग येतो, कारण त्याला जुन्या समजुतीचा आधार आहे. इराणमधल्या निशापूरच्या खाणींचा फिरोजा शतकानुशतकं नावाजलेला. धोका आला की तो रंग बदलतो, असं लोक पूर्वीपासून मानत आले. खरा फिरोजाही सच्छिद्र असतो, घाम, तेल, अत्तर पिऊन हळूहळू हिरवटतो. पण त्याचा निळा रंग त्याच्या घडणीतल्या तांब्याचा असतो. तो उतरून आत पांढरं दिसत नाही.

विट्याकडचे आमचे एक काका, उभी हयात गलाईत, म्हणजे सोनं-चांदी वितळवून शुद्ध करण्यात गेलेली. त्यांनी नेलपॉलिश रिमूव्हरमध्ये कापूस बुडवून खड्याच्या मागच्या बाजूला चोळला. कापूस निळाशार, खडा दुधी, करड्या रेषा मात्र जागच्या जागी. चाकूच्या टोकानं चराही सहज पडला. ही सगळी लक्षणं रंगवलेल्या हाउलाइटची, म्हणजे करड्या रेषांच्या एका पांढऱ्या खनिजाची. मोहस् मापावर त्याचा कठीणपणा 3.5, फिरोजाचा 5 ते 6. तशीच जाळीदार नक्षी असल्यानं नजर फसते. कापूस कोरा राहिला म्हणून खडा अस्सल ठरतो, असंही नाही. दगडाची भुकटी राळेत दाबून केलेले खडेही मिळतात.

सोबतच्या चकचकीत कार्डावर फक्त ‘शंभर टक्के नैसर्गिक खडा’. हाउलाइटही नैसर्गिकच की! खनिजाचं नाव, अपवर्तनांक (खड्यात प्रकाश किती वळतो त्याचं माप, त्यावरून खडा ओळखायला मदत होते), रंग दिल्याची किंवा राळ भरल्याची नोंद, काहीच नाही. राळ भरलेला खराही फिरोजा बाजारात असतो आणि सांगून विकला तर त्यात गैर काही नाही.

पावतीवर तर त्यानं ‘सेवा देणगी’ लिहिलंय, म्हणजे विक्री झालीच नाही म्हणायला तो मोकळा. आम्ही 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार दिली आहे. तुमच्याकडे अशी पावती, कार्ड किंवा त्याचे मेसेज असतील तर फाडू-पुसू नका, आणि खडा प्रयोगशाळेत दाखवेपर्यंत दुसरा घेऊ नका.