पब्लिशर्स मार्केटप्लेस: महिन्याला 25 डॉलर, पण घ्यावं कुणी?

न्यूयॉर्कमध्ये लिटररी एजंटचं, म्हणजे लेखकाच्या वतीने त्याचं पुस्तक प्रकाशकाला विकायचं, काम करते म्हटलं की घरचे विचारतात, मग दिवसभर वाचतच बसतेस का गं? वाचन होतं रात्री आणि रविवारी. दिवस जातो प्रकाशकांकडच्या एडिटरना फोन करण्यात, कॉन्ट्रॅक्टमधल्या एकेका कलमावरून भांडण्यात, लेखकाचा अडकलेला अ‍ॅडव्हान्सचा (प्रकाशक आगाऊ देतो त्या रकमेचा) हप्ता सोडवण्यात आणि कोणता एडिटर सध्या काय शोधतोय याचा माग काढण्यात. या शेवटच्या कामासाठी मी पब्लिशर्स मार्केटप्लेस ही वेबसाइट रोज उघडते आणि माझ्या मते ते पूर्ण पैसा वसूल आहे.

मायकेल केडर यांचं पब्लिशर्स लंच नावाचं प्रकाशन व्यवसायाच्या बातम्यांचं ईमेल न्यूजलेटर आहे, त्यांचीच ही साइट. न्यूजलेटरची छोटी आवृत्ती फुकट येते पण खरा माल डील्सच्या, म्हणजे पुस्तकं विकली गेल्याच्या नोंदींच्या, डेटाबेसमध्ये आहे, त्यालाच 25 डॉलर पडतात.

तिथली एक नोंद म्हणजे जेमतेम एक लांबलचक वाक्य. लेखक कोण, पुस्तक कशाबद्दल, कुठल्या एडिटरने कुठल्या इंप्रिंटसाठी (प्रकाशनसंस्थेच्या स्वतंत्र नावाच्या शाखेसाठी) घेतलं, ऑक्शन झालं की प्री-एम्प्ट (म्हणजे बाकीच्यांनी बोली लावायच्या आत एकानेच घसघशीत रक्कम देऊन उचललं), हक्क कुठले आणि एजंट कोण. आगाऊ रकमेचा नेमका आकडा सहसा देत नाहीत, त्याजागी ठरलेले शब्द असतात. नाइस डील 49 हजार डॉलरपर्यंत, व्हेरी नाइस 50 ते 99 हजार, गुड 1 लाख ते अडीच लाख, त्याच्या वर 4 लाख 99 हजारांपर्यंत सिग्निफिकंट आणि 5 लाखांपासून पुढे मेजर. नवीन लोक हमखास गुडला व्हेरी नाइसच्या खालचं समजतात, तर तसं नाहीये.

आता समजा माझ्याकडे तीन पिढ्यांच्या घराण्यावरची पहिलीच कादंबरी आलीय. मी डेब्यू फिक्शनमध्ये जाऊन तशा कादंबऱ्या कुणी कुणी घेतल्यात ते काढते. ज्या एडिटरने गेल्याच महिन्यात अगदी असंच पुस्तक घेतलंय तिला लगेच दुसरं नको असण्याचीच शक्यता जास्त, पण जिचं तसं पुस्तक येऊन वर्ष झालंय तिला नक्की पाठवायचं. शिवाय एका इंप्रिंटमध्ये सहसा एकाच एडिटरकडे पाठवता येतं, त्यामुळे नाव चुकलं की ते दार बंदच झालं म्हणायचं. लेखकाची चार-पाच वर्षांची मेहनत त्या यादीवर अवलंबून असते हो, म्हणून मला या साइटचं इतकं मोल वाटतं.

मर्यादा आहेत. नोंदी एजंट आणि प्रकाशक स्वतःच पाठवतात त्यामुळे सगळी डील्स तिथे नसतात, कित्येक जण रकमेचा शब्द मुद्दाम गाळतात, आणि एजंट लोकांची जी क्रमवारी लागते ती नोंदवलेल्या डील्सच्या संख्येवर असते. मोजकीच पण उत्तम पुस्तकं करणारा एजंट त्यात खूप खाली दिसू शकतो, तेवढ्यावरून त्याला बाद करू नका प्लीज.

मराठीत लिहिणाऱ्यांनी यावर पैसे घालवू नयेत, आपल्याकडे लेखक बहुतेक वेळा थेट प्रकाशकाशीच बोलतो. पण पुण्यात किंवा नागपुरात बसून इंग्रजीत लिहिताय आणि अमेरिकेतला एजंट हवाय, तर एक महिना जरूर घ्या. एजंटने खरंच पुस्तकं विकलीत का, कोणाला विकलीत, हे तिथे बघता येतं. आणि वाचायचेच पैसे मागणारा कुणी भेटला तर सरळ रामराम करा, आमची कमाई पुस्तक विकलं गेल्यावरच होते, साधारण 15 टक्के आणि परदेशी भाषांतराच्या हक्कांवर बहुधा 20.

पैसे भरायच्या आधी एक करा, तुमच्या पुस्तकाच्या जातकुळीतली अलीकडची इंग्रजी पुस्तकं घेऊन त्यांची ऋणनिर्देशाची पानं वाचा. लेखक तिथे एजंटचे नाव घेऊन आभार मानतात. ती नावं वहीत उतरवून ठेवा आणि मगच महिना सुरू करा.