नाइट ड्यूटीचा डाएट डबा: जेवण चोख, वेळ चुकलेली

ठाण्यात वर्तकनगर, माजिवडा, कळवा या पट्ट्यात हॉस्पिटलच्या गेटवर येणारे 'डाएट डबे' आता बरेच झाले आहेत. त्यातल्या एका घरगुती किचनने खास सिस्टर लोकांसाठी काढलेल्या 'वजन कमी' डब्याबद्दल हे लिहिलं आहे. महिन्याला 26 डबे, 3,900 रुपये. म्हणजे दीडशेला एक. नाव देत नाही, कारण यातला मोठा दोष एकट्या या किचनचा नाही.

डबा चार पुडांचा, स्टीलचा. ज्वारीची एक भाकरी, मोड आलेल्या मुगाची किंवा मटकीची उसळ, पालेभाजी आणि थोडा डाळ-भात. उसळ काट्यावर 150 ग्रॅमच्या आसपास भरते. उसळ, भाकरी आणि डाळ मिळून साधारण 20 ग्रॅम प्रथिनं होतात. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) हिशोबाने दर किलो वजनाला रोज 0.83 ग्रॅम, म्हणजे 60 किलोच्या बाईला 50 ग्रॅम लागतात. एका जेवणात त्यातली 20 मिळणं ही या डब्याची खरी जमेची बाजू. तेलही हात राखून घातलेलं असतं. पूड तिरकं करून बघा, रस्स्याबरोबर तेलाचा ओघळ येत नाही. चमचाभर तेल म्हणजे 45 कॅलरी, त्यामुळे ही तपासणी कुठल्याही डब्याला लावावी.

भाकरी मात्र गरम असतानाच फॉइलमध्ये गुंडाळतात. वाफ आत अडकते, खालची बाजू ओली चिकट होते आणि कडा वातड. ज्वारीत ग्लुटेन, म्हणजे गव्हाच्या पिठाला ताण देणारं प्रथिन, नसतं; गार झालेली भाकरी मुळातच लवचीक राहत नाही. ती सुती फडक्यात घडी करून दिली तर पुष्कळ फरक पडेल.

आता वेळ. डबा येतो साडेसहाला. नाइट आठला सुरू होते. ओव्हर (आधीच्या पाळीकडून पेशंट ताब्यात घेणं), राउंड, इंजेक्शनं, सलाइन यातून बूड टेकायला साडेबारा-एक वाजतो. तोवर शिजलेलं अन्न सहा तास ड्यूटी रूमच्या दमट हवेत. वॉर्डातल्या औषधांच्या फ्रिजमध्ये ते ठेवता येत नाही, आणि ठेवूही नये. भातात बॅसिलस सिरियस या जंतूचे बीजाणू शिजवल्यावरही टिकतात, कोमट भातात वाढतात, आणि त्यांचं उलटी आणणारं विष पुन्हा गरम करूनही जात नाही. मळमळीचं खापर बहुतेक वेळा जागरणावर फुटतं.

दुसरी गोष्ट रक्तातल्या साखरेची. मध्यरात्री मेलाटोनिन हे झोपेचं संप्रेरक चढलेलं असतं, इन्सुलिन कमी सुटतं. तोच डाळ-भात दुपारी खाल्ला तर साखर जेवढी वाढते, त्याहून रात्री एकला जास्त वाढते. डबा कितीही हलका असला तरी पूर्ण जेवण त्या वेळी नको.

म्हणून रात्रपाळीला डबा घरी मागवा आणि फोडून वापरा. डाळ-भात, उसळ, भाजी हे सगळं निघण्यापूर्वी, सव्वासातच्या आत संपवा. भाकरी अर्धी तेव्हा, अर्धी बाराच्या आधी, शेंगदाण्याच्या कोरड्या चटणीबरोबर. त्यानंतर भूक लागलीच तर मूठभर फुटाणे किंवा एखादा पेरू. चहाचा हिशोब डब्याबाहेरचा, पण तो धरला नाही तर बाकी सगळं फुकट: दोन चमचे साखरेचे पाच कप म्हणजे 40 ते 50 ग्रॅम साखर, जवळजवळ एका भाकरीच्या कॅलरी. डिस्चार्ज मिळालेल्या पेशंटचे पेढे त्यावर.

सोबतचा व्यायामाचा तक्ता कच्चा आहे. रोज 10,000 पावलं, एवढंच. वॉर्डात दिवसभर पाय चालतातच, पण तुटक. दोन बेड, थांबा, वाका, परत. त्याने पोटऱ्या आणि कंबर दुखते, दम लागत नाही. कमी पडते ती ताकद. खुर्चीतून हात न टेकता उठ-बस 10 वेळा, भिंतीवर पुश-अप 10, टाचा उचलणे 15, असे तीन फेरे, आठवड्यातून दोनदा. एवढं घरी 20 मिनिटांत होतं. सुट्टीच्या दिवशी उपवन तलावाला भरभर चाला, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही अशा वेगाने. नाइट संपवून थेट जाऊ नका, आधी झोप.

नोंदणीच्या फॉर्ममध्ये बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) 25 पर्यंत 'नॉर्मल' दाखवतात, ते दुरुस्त करायला हवं. भारतीयांसाठी 23 पासूनच जास्त वजन धरतात. 160 सेंटीमीटर उंचीला म्हणजे साधारण 59 किलो. कंबर ते विचारतच नाहीत. स्क्रबची, म्हणजे ड्यूटीच्या सैल कपड्यांची, नाडी सैल करत गेलं की पोट लक्षातच येत नाही, म्हणून टेप घ्या: 80 सेंटीमीटरच्या पुढे गेली की काटा काहीही दाखवो, लक्ष द्या.

सकाळ किंवा दुपारपाळी असेल तर डबा बेलाशक लावा, या पैशांत हा दर्जा चांगला आहे. रात्रपाळीच्या आठवड्यात डबा सहाच्या आत घरी येणार असेल तरच. आणि पैसे भरण्याआधी सुट्टीचा नियम विचारा: इथे महिन्यात सहा डबे पुढे ढकलता येतात, पण आदल्या दिवशी सकाळी दहापर्यंत कळवावं लागतं. रोस्टर ऐन वेळी बदलणाऱ्या वॉर्डात ते जमत नाही, आणि तो डबा गेटवर पडून राहतो.